चिमूटभर तंतू

आमच्या क्वेबेकच्या खाणगावात कचराडेपोवर येणारा ॲस्बेस्टॉसचा कचरा फाटकाशी तपासून आत सोडणं हे माझं काम. आज डॉक्टर गोद्रो आले. खाण चालू होती तेव्हाचे कंपनीचे डॉक्टर. घराच्या तळघरात पाइपांना गुंडाळलेलं जुनं ॲस्बेस्टॉस त्यांनी काढून आणलं होतं. खोट काढायला जागा नव्हती: माल ओला केलेला, जाड पिशव्या एकात एक घातलेल्या, तोंडं चिकटपट्टीने बंद, वर धोक्याची चिठ्ठी. स्वतः मास्क आणि हातमोजे घालून गाडीतच बसलेले. मला बघून त्यांनी मास्क खाली ओढला. "फेर्नांची मुलगी ना तू? पिशव्या अलगद उतरवायला सांग. फाटली तर धूळ थेट छातीत जाते, माहितीये ना?" खाणीत नवी भरती झाली की हाच माणूस ॲस्बेस्टॉसचे तंतू चिमटीत धरून सगळ्यांसमोर चघळायचा. "बघा, मला काही होतंय का?" बाबांनी ते पाहिलं आणि एकतीस वर्षं ती धूळ ओढली. नाकात ऑक्सिजनची नळी असतानाही ते याला देवमाणूस म्हणायचे. मी कागदांवर शिक्का मारला, खिशातली कात्री काढली आणि गाडीमागच्या ट्रेलरमधल्या पिशव्यांकडे गेले. "अगं, काय करतेस? शुद्धीवर आहेस का?" डॉक्टर खिडकीतून ओरडले. "एकच कोपरा कापते, डॉक्टर. चिमूटभर काढते, तुम्हाला चघळायला." डॉक्टरांनी आधी काच वर केली, मग मास्क.