सगाईचा गूळ

तांड्याचे प्रमुख फुलसिंग नाईक आल्याशिवाय गूळ वाटायचा नाही, आणि नाईक अजून पांढरकवड्याहून निघालेल्या एसटीतच होते. तेव्हा मानीबाईंनी पाहुण्यांसाठी टीव्ही लावला. दुपारी चारला वकिलांच्या मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा दाखवतात. थोरली मुलगी वर्षा वकील झाल्यापासून मानीबाईंनी या मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता. कोर्टातलं त्यांना फार कळत नसे, पण पोरगी दिवसभर काय करते ते कळल्यासारखं वाटायचं.

आज सगाई होती धाकट्या जयाची. नवरदेव सुनील महागावकडचा. आपल्या मामाशेजारी खुर्चीवर बसून तो मालिका पाहत होता, आणि वर्षा दाराला टेकून त्याला पाहत होती.

ही मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा वर्षाची कोर्टात तारीख होती. फोटो पाहिला होता, पण फोटोत त्याचं अर्धं तोंड गॉगलखाली. आणि सुनील राठोड म्हणाल तर जिल्ह्यात दर तांड्यावर एक सापडेल. तासाभरापूर्वी तो गाडीतून उतरला, गॉगल कपाळावर सरकवला, आणि तिला ओळख पटली. त्यालाही पटली.

तीन महिन्यांमागे हाच माणूस, वर्षा ज्यांच्या हाताखाली वकिली करायची त्या धर्मपाल सरांच्या ऑफिसात एक नोटीस घेऊन आला होता. पुण्यात असताना नोंदणी लग्न केलेली बायको, चार वर्षांची मुलगी, आणि पोटगीसाठी बायकोच्या वकिलाने धाडलेली नोटीस. महागावात वकील केला तर बोभाटा होईल म्हणून तो एवढ्या लांब आला होता. "घरी कोणाले माहीत नाई, मॅडम. कळू देऊ नका," तो म्हणाला होता. नोटिशीचं उत्तर वर्षानेच लिहिलं होतं. कळणार नाही, असा शब्दही तिनेच दिला होता.

टीव्हीवर मालिकेतला वकील शिस्तपालन समितीपुढे उभा होता. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने मित्राच्या कानावर घातली होती. मित्र भांडणातली जमीन घ्यायला निघाला होता, तो वाचला. "मग काय मित्राला बुडू द्यायचं होतं?" वकील विचारत होता. अध्यक्षबाईंनी मान वर न करता निकाल वाचला. सनद पाच वर्षांसाठी निलंबित.

"हे काय?" मानीबाई म्हणाल्या. "त्यानं माणूस वाचवला, आन् शिक्षा त्यालेच?"

"बरोबर केलं, मामी," सुनील म्हणाला. "अशिलाच्या पोटातलं वकिलाच्या ओठावर आलं, तं तो वकील कायचा? नाई का, ताई?"

"बरोबर आहे," वर्षा म्हणाली. आणि ते बरोबरच होतं. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत असूनही बरोबर होतं.

समोरच्या भिंतीवर सेवालाल महाराजांच्या फोटोशेजारी तिची सनद लावलेली होती. तांड्यातली पहिली. रामधनला, तिच्या बापाला, वाचता येत नसे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सनदेवर बोट ठेवून तिचं नाव दाखवायचा. आजही पाहुण्यांना दाखवून झालं होतं.

आतून जयाने तिचा हात ओढला. "ताई, पदर नीट हाय ना? बरी दिसून राह्यली ना मी?"

"खूप छान दिसतेस," वर्षा म्हणाली. म्हणताना तिने नजर पदरावरच ठेवली. जयाला वाटलं, आपण आता सासरी जाणार म्हणून.

एवढ्यात नाईक आले. टीव्ही बंद झाला. परात मधोमध ठेवून नाईकांनी गूळ फोडला. जो गूळ खाईल त्याने सोयरीक मान्य केली. पुढे काही बिनसलं तर पंचांपुढे साक्षही त्यानेच द्यायची. म्हणून घरातलं कोणी वगळायचं नाही, अशी रीत. मामाने खडा तोंडात टाकला. मानीबाईंनी डोळे पुसत खाल्ला. रामधनने आपला खडा हातात धरून ठेवला, मुलीच्या बापाने शेवटी खायचा म्हणून.

वर्षाने आपल्या वाट्याचा खडा उचलला आणि परत परातीत ठेवला. सनदेने तिचं तोंड बांधलं होतं, पण गूळ खा असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

"खा, पोरी," नाईक म्हणाले. "सख्ख्या बहिणीचा गूळ हाय."

"मी नाई खाणार, काका."

"वकीलबाईले शुगर हाय का?" मामा म्हणाला, आणि पाहुणे हसले. सुनील हसला नाही.

"काहून नाई खात?" रामधनने विचारलं.

"ते मले विचारू नका, बा. मले सांगता येत नाई."

हसणं थांबलं. रामधनने लेकीकडे पाहिलं. मग बंद टीव्हीकडे. मालिका त्यानेही पाहिली होती. मग त्याने सुनीलकडे पाहिलं. सुनीलने कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला होता आणि तो त्याच्या काड्या उघडत-मिटत होता.

रामधनने हातातला खडा परातीत ठेवला. चिकट बोटं धोतराला पुसली.

"माह्या पोरीले सांगता येत नाई," तो म्हणाला. "तुम्हाले तं येते, सुनीलराव. तुम्ही सांगा."