लाईन तुटल्यावर

माझी नात जन्मली त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तिच्या लेकाने आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची रीत सांगितली. लाईन तुटून जोडली की तो पुन्हा त्याला जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं घेऊन विचारतो, आणि ज्याचं उत्तर येत नाही तो गेला असं धरतो. आक्काला ते पटलं. फोन कट होऊन लागला की ती आमच्या घरातल्या एकेकाची नव्याने चौकशी करायची. एकदा घाईत मी धाकट्या भावाचं सांगायला विसरलो. तासाभरात ती रडत आली. दार त्यानेच उघडलं.

"मेल्या, जिवंत होतास तर फोनवर बोलायला काय झालं होतं?"



गेल्या वर्षी मार्चमध्ये धाकटा खरोखर वारला. कळवलं तर आक्का म्हणाली, "आता नाही फसायची मी. आधी त्याच्याकडे फोन दे."