आधी शटर, मग स्नेहल

आमची टायपिस्ट स्नेहल ऑफिसातून सुखरूप बाहेर आली. असं काही झालेलं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. मी त्यात कामांचा प्रोग्राम लिहिला: आधीचं काम झाल्याशिवाय पुढचं होणार नाही. दोन कामं एकमेकांसाठी अडू नयेत, एवढी तपासणी घालायची राहिली.

दुपारी स्नेहलने गंमत म्हणून भरलं: स्नेहल बाहेर जाईल, पण आधी शटर उघडेल. शटर उघडेल, पण आधी स्नेहल बाहेर जाईल.

मी जेवून आलो. शटर सताड उघडं, आत कुणी नाही. वर गुंडाळलेल्या पत्र्यावर मात्र आतून थापा पडत होत्या.

"धन्या, उघड ना रे!"

"अगं, उघडंच आहे."

"मग अंधार का आहे?"

साहेबांस नम्र विनंती: कु. स्नेहल बाहेर आल्यावर, त्यांच्याच सहीने, त्यांना बाहेर येण्याची परवानगी मिळावी.