चौथ्याचा चहा

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये म्हणतात, म्हणून वडगावातून निघताना मंगलनं दारातला एक दगड उचलला आणि गाडीत आपल्या शेजारी ठेवला. "आता चौघं झालो," ती म्हणाली. पुढं गाडी चालवायला तिचा भाऊ नागेंद्र, त्याच्या शेजारी बायको सौम्या.

जांबोटीवरून घाट उतरून गाडी समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. पहिल्याच टपरीवर न सांगता चार चहा आले.

"आक्का, तुझ्या दगडाचा बी आला गं!" नागेंद्र हसला.

उठताना मंगलनं पाहिलं, चौथा कपही रिकामा होता. पुढच्या वळणावर तिनं गाडी थांबवायला लावली आणि दगड समुद्रात भिरकावून दिला.

नंतरच्या टपरीवर दोनच चहा आले.

"आणि एक द्या की," मंगल म्हणाली. टपरीवाला फडक्यानं बाक पुसत होता. पुसत पुसत तो तिच्यापर्यंत आला, तरी त्याचा हात थांबला नाही.

"नागू!" तिनं हाक मारली.

नागेंद्रनं निवांत घोट घेतला आणि तो सौम्याला म्हणाला, "दोघंच आलो ते लई बरं झालं. तिसरं कोण असतं तर दगड घ्यावा लागला असता."