तू कुठली?

शाळेतल्या स्पॅनिशमधलं माझ्या डोक्यात फारसं उरलेलं नाही. पिन्या म्हणजे अननस, परागुआस म्हणजे छत्री, जी आयर्लंडच्या वाऱ्यात टिकत नाही, आणि ब्रेनन सरांचा लाडका प्रश्न, "दे दोंदे एरेस?", म्हणजे तू कुठली? मी म्हणायचे, "ट्रलीची." जन्म या गावातल्याच हॉस्पिटलातला, आई तिथेच डॉक्टर. सर नकारार्थी मान हलवायचे, "नाही, खरं सांग, कुठली?" वर्ग खिदळायचा. मी "इंडिया" म्हटल्याशिवाय ते खाली बसू देत नसत. मग म्हणायचे, "मुय ब्येन," म्हणजे फार छान. आई म्हणायची, "जाऊ दे गं, मनावर घेऊ नकोस." मी घेतलं. पुढे पोलिसात भरती झाले. २०२१च्या लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि ट्रलीबाहेरच्या नाकाबंदीवर माझी ड्युटी होती. एका शनिवारी वीकेंडचं सामान भरलेली गाडी थांबली, काच खाली आली. आत ब्रेनन सर. मास्कमुळे त्यांनी मला ओळखलं नाही. "कुठून आलात?" मी विचारलं. "मी इथलाच, ट्रलीचा," ते हसून म्हणाले. लायसन्सवर डब्लिनचा पत्ता होता. मी नकारार्थी मान हलवली. "नाही, खरं सांगा, कुठले?" मागे गाड्यांची रांग वाढत होती, मला घाई नव्हती. ते माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. "डब्लिन," ते पुटपुटले. "मुय ब्येन," मी म्हटलं आणि गाडी वळवायला लावली.