धवल्यातली नावाची जागा

पुतळाबाई पुन्हा त्याच ओळीपाशी येऊन थांबली.

"इथं नाव येतं," ती म्हणाली.

हेमांगीने हेडफोन मानेवर ओढले आणि भिंतीला टेकली. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीला गादी. वेसाव्याच्या त्या खोलीचा तिने सकाळपासून स्टुडिओ करून टाकला होता. आत्याचं कपाट उघडून लुगड्यांच्या घड्यांपुढे मैत्रिणीकडचा जुना माइक उभा केला होता, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. एवढं करूनही मधेच खाली बर्फ फोडायचं मशीन सुरू व्हायचं, नाहीतर डोक्यावरून हेलिकॉप्टर जायचं. जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

"आत्या, कुठलंही नाव घाल. नंतर कापते मी."

"कुठलंबी कसं घालू? धवला हाय तो. नाव घेतलं का लगीन लागलं."

पुतळाबाई धवलारीण. कोळीवाड्यात भटजी उशिरा आला तर चालतं, पण लग्नाचा धवला गायला धवलारीण नसेल तर नवरी पाटावर बसत नाही. निम्म्या गल्लीचे संसार हिच्या गळ्यातून सुरू झालेले. उद्या त्याच गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ निघेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ही सगळी धडपड. आणि बाई गात होती कुठे? दूधवाल्याला हिशेब सांगावा तसे शब्द सांगत होती. आवाज इतका बारीक, की हेमांगीने मशीनवरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं.

"बरं, शेजारच्या सपनाचं घाल. सपना आणि मिहिर."

"त्यांचं मीच लावलंय. झालेल्यांचं परत लावू?"

"मग माझं घाल."

"आनि नवऱ्याच्या जागी?"

एरवी हेमांगीने काहीतरी चेष्टा केली असती, पण आज तेवढंही त्राण नव्हतं. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत बोलणी खाऊन तिने ही सुट्टी काढली होती. संध्याकाळी आत्याला दवाखान्यात न्यायचं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुतळाबाईचा नवरा धर्मा बसला होता. त्याला खोकल्याची उबळ येते, म्हणून हेमांगीनेच काकांना तिथे बसवून तोंडाला रुमाल धरायला लावला होता. त्याने रुमाल खाली घेतला.

"आपलं घाल," तो म्हणाला.

"आपलं? आपलं झालंय ना."

"कुठं झालंय? कोर्टात सह्या केल्या. धवला कुठं झाला? तुजी आयच धवलारीन, नि आपल्या लग्नाच्या रागानं ती घराभायेर आली नाय. सगळ्या कोळीवाड्याचं लावलंस, आपलंच ऱ्हायलं."

पुतळाबाईने पदर डोक्यावर घेतला, मांडवात घ्यायची तसा. हेमांगीने घाईघाईने हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

या वेळी पुतळाबाई गायली. आवाज बेंबीच्या देठापासून आला. जन्मभर नवऱ्याला 'अवो' म्हणणाऱ्या बाईने 'धर्मा' असं नाव घेतलं, आणि त्याच्या पुढे स्वतःचं.

स्क्रीनवर लाल दिवा लागला. बारीक आवाजासाठी पिळलेलं बटण हेमांगी सैल करायला विसरली होती. आवाज फाटत होता, नेमका त्या दोन नावांवर. थांबवावं तर गाणं तुटेल. ती तशीच बसून राहिली, आणि धवला संपला.

"आत्या, नावांवर आवाज फाटलाय. चूक माझी. एकदाच परत..."

"परत?" पुतळाबाई गळ्यावर हात ठेवून खाली बसली. "लगीन परत परत लावीत नाय गो."

हेमांगीला आता रडू आवरेना. नंतर बसून बर्फाच्या मशीनची घरघर काढता आली असती, खोकला कापता आला असता. फाटलेला आवाज काही शिवता येत नाही, हे तिला कामामुळे चांगलं ठाऊक होतं.

धर्मा उठून आला. त्याने तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातले, तेही उलटे.

"लाव."

तिने लावलं. तो उभ्यानेच ऐकत राहिला. नावं आली तसे त्याने डोळे मिटले.

"फाटलाय ना, काका?"

"मांडवातल्या भोंग्यावर असाच येतो," धर्मा म्हणाला. कानांवर हेडफोन असल्यामुळे तो जवळजवळ ओरडतच होता. मग तो पुतळाबाईकडे वळला. "तुज्या आयच्या घरापातूर गेला आसंल."