कुकारा

नयना बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, आणि तेवढ्यात घोटाळा झाला. मान वर करते तो नवरा गायब.

ट्रेकिंग ग्रुपची बाकीची मंडळी वरच्या वळणावर, जुनिपरच्या झाडाच्या सावलीत इम्रानभोवती जमली होती. त्यांच्यात रविकांतची निळी टोपी दिसेना. आणि आज बॅकलीड कोण, तर नयना. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी सुटत नाही ना हे बघायचं, एवढंच काम. ते तिला पहिल्यांदाच मिळालेलं. आणि बाईसाहेबांनी सुटू दिला तो स्वतःचा नवरा.

त्यात आज सगळं ह्या नवऱ्यावरच टांगलेलं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, उठून डोंगरात जायचं हे तिचं खूळ रविकांतला पसंत नव्हतं. रोजची कटकट नको म्हणून शेवटी ठरलं, की एकदा तो स्वतः येईल आणि बघेल. पटलं तर ठीक, नाहीतर खलास. पहाटे दार्सैतहून, आखातातल्या त्यांच्या घरून, निघाल्यापासून स्वारी गप्प होती. पठारावर गाडी सोडली, काटेरी झुडपांनी हात ओरबाडले, रानऑलिव्हच्या मुळ्या धरून चढावं लागलं, तरी तोंडातून चकार शब्द नाही. नयना मात्र आतून नुसती उकळत होती आनंदाने. गार वारा, जुनिपरचा तो वास, दरीत बसलेला ढग. हे ह्यांना दिसतंय ना, म्हणून ती सारखी त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठीवरून काही कळत नव्हतं.

इम्रान उतरून आला. ग्रुपचा लीडर तोच. "भाभी, सर कुठायत?"

"आत्ता इथेच होते."

समोरच्या दगडावर वाटेच्या खुणेचा पिवळा-पांढरा-लाल पट्टा रंगवला होता. पट्टे उजवीकडे जात होते. डावीकडे मातीत शेळ्यांच्या ताज्या लेंड्या पडलेल्या. त्या बघितल्या आणि नयनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवरा आता शहरात कुरुमच्या ऑफिसात एसीत बसत असला तरी मूळचा गुहागरचा, लहानपणी मामाच्या शेळ्या राखलेला. लेंड्यांच्या मागे गेलं की माणूस गोठ्याशी पोचतो, हे त्याला पट्ट्यांपेक्षा खात्रीचं. पण इथल्या शेळ्यांना घरी जायची घाई नसते. त्या हवा खायला कड्यावर जाऊन बसतात.

"तिकडे पुढे कडाच आहे," इम्रान म्हणाला. नेहमी हसणारा मुलगा, आता हसत नव्हता.

"अहो," नयनाने हाक मारली. "अहो, ऐकलंत का?"

ढग वर चढून आला होता, त्यात तिची हाक कुठल्या कुठे विरली. दार्सैतच्या फ्लॅटच्या भिंती पातळ. लग्न झाल्यापासून "हळू बोल, शेजारी ऐकतात" हेच ती रविकांतकडून ऐकत आलेली. ओरडायचं म्हटलं तरी घशातून काही निघेना.

आणि मग ढगातून आवाज आला. "कूऽऽऽऽऽ."

लांबलचक, मोकळा, अगदी बेंबीच्या देठापासून. तो विरतो न विरतो तोच दरीच्या पलीकडून एका बाईचा चिरका आवाज आला, तसाच लांब.

"ती पलीकडे शेळ्या चारते ती बाई," इम्रान म्हणाला. "पण पहिला कोण?"

असा कुकारा शेळ्या राखणाराच घालतो, हे नयनाने ओळखलं. "आमचे हे," ती म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने निघाली.

कड्याच्या अरुंद पट्टीवर रविकांत जुनिपरला मिठी मारून बसला होता. तोंड पांढरंफटक. बाजूला एक शेळी रवंथ करत त्याच्याकडे निवांत बघत होती. पट्टी रुंद होती तिथे इम्रान हात पुढे करून उभा राहिला आणि नयना दगडाला पाठ घासत आत सरकली.

"खाली बघू नका," ती म्हणाली.

"काय?"

"खाली बघू नका म्हटलं."

"वाऱ्यात काही ऐकू येत नाही. जोरात बोल."

"माझ्या बुटांकडे बघा," नयना ओरडली. "मी पाय ठेवीन तिथेच ठेवा. झाड सोडा आता. सोडा म्हणते ना."

त्याने झाड सोडलं. पाऊल पाऊल करत ती त्याला घेऊन आली. शेवटी इम्रानने दंडाला धरून ओढून घेतलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. रविकांतने ती उभ्या उभ्या संपवली. नयनाला वाटलं, संपलं. आता जन्मात पुन्हा शुक्रवार मिळायचा नाही. रडू यायच्या आत तिने स्वतःच विचारलं, "परत फिरायचं का? गाडीपर्यंत मी येते."

वाटेवरच्या मोठ्या दगडाआडून रविकांतने दरीकडे तोंड केलं, दोन्ही तळवे गालांशी धरले आणि पुन्हा कुकारा घातला. ह्या वेळी गरज काहीच नव्हती.

पलीकडून उत्तर आलं.

"ऐकलंस? ती उत्तर देते," रविकांत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो दात दिसतील असा हसत होता. त्याने आणखी एक घातला. आणखी एक उत्तर आलं. वरच्या वळणावरची मंडळी ओणवून बघायला लागली.

मग तो बाजूला सरकला आणि दगडापाशी तिला जागा करून दिली.

"आता तू," तो म्हणाला. "आणि हळू नको."